साडूच्या टाकीतला आकडा

शेजारी आपल्या पुढे गेला तर घर बदलता येतं. सख्खा भाऊ पुढे गेला तर चारचौघांत अभिमानाने सांगता येतं, मग पोटात काहीही होवो. पण साडू पुढे गेला तर माणसाने करावं काय? हे नातं आपण निवडत नाही, आपले आईबापही निवडत नाहीत. बायकोच्या बहिणीचं कुणाशी जमतं त्यावर ते ठरतं, आणि मग जन्मभर तो इसम सासरच्या प्रत्येक जेवणाला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसतो आणि आपल्यापेक्षा जास्त वाढून घेतो.

कंपाउंडरची गोष्ट सांगायची तर साडूला टाळून सांगता येत नाही. कंपाउंडरचं खरं दुखणं तेच.

पस्तीस वर्षं तो हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधाच्या खिडकीमागे उभा राहिला. पावडरी तोलायच्या, पातळ औषधं मापायची, बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर 'जेवणानंतर' लिहायचं. काचेच्या मापातलं औषध बघताना तो उकिडवा बसून डोळा बरोबर रेघेच्या पातळीवर आणायचा. वरून बघितलं की एक थेंब जास्त दिसतो, खालून बघितलं की एक थेंब कमी, असं त्याचं म्हणणं. एका बड्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतंच 'दहा' लिहिलं होतं. दहा थेंब की दहा मिलिलिटर, ते लिहिलं नव्हतं. कंपाउंडरने ती चिठ्ठी तीनदा परत पाठवली. डॉक्टर स्वतः खाली आले, तापले, आणि शेवटी खिडकीवर उभं राहून 'थेंब' असं लिहून गेले. शिकाऊ पोरापोरींना तो सांगायचा, "नुसता आकडा म्हणजे काही नाही. कशाचे दहा, ते आधी विचारा." त्याचं काम कुणी तपासत नसे. त्याची गरजच पडत नसे.

मग सगळी औषधं तयार पाकिटांतून येऊ लागली. कंपाउंडर निवृत्त झाला त्या आठवड्यात खिडकी बंद झाली आणि आत मोडक्या चाकाच्या खुर्च्या रचल्या गेल्या. घरी बसलेला माणूस मापणार काय? तो चहाची पूड मापू लागला.

"अहो, चहा आहे तो," बायको म्हणायची, "औषध नाही. हात सोडून टाका थोडी."

हात सोडून काही टाकणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

असा तो एकदा कुठल्याशा प्रदर्शनात फिरताना मातीशिवाय वाढणाऱ्या झाडांपुढे येऊन थांबला. पांढरे पाइप, पाइपांना गोल भोकं, भोकांत कप, कपांत लेट्यूसची हिरवीगार झाडं. खाली मुळं लोंबत होती आणि त्यांच्याखालून पाणी वाहत होतं. झाडाचं सगळं अन्न त्या पाण्यात. दोन बाटल्या, ए आणि बी. दोन्ही एकदम ओतल्या तर पांढरी गाठ बसते आणि सगळं वाया जातं. आधी एक, नीट ढवळून मग दुसरी. अन्न कमी पडलं तर पानं फिकट पडतात, जास्त झालं तर पानांची टोकं करपतात. दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टी असते, ती ज्याची त्याने शोधायची, असं त्या स्टॉलवरच्या बाईने सांगितलं. कंपाउंडरचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी कुणालातरी त्याच्या हातचा डोस हवा होता.

त्याने गच्चीवर चार बादल्या मांडल्या आणि एक पेनसारखा मीटर आणला, पाण्यात बुडवला की आत किती विरघळलंय ते दाखवणारा. पहिली बादली चारशेवर, दुसरी साडेपाचशेवर, तिसरी सातशेवर, चौथी साडेआठशेवर. रोज सकाळी प्रत्येकीत मीटर बुडवायचा, पाणी आटलं असेल तेवढं साधं पाणी घालायचं, आकडा परत जागेवर आणायचा आणि वहीत लिहायचा. दीड महिना हे चाललं. चारशेची झाडं रोग्यासारखी पिवळट झाली, साडेआठशेची टोकांना तपकिरी पडली, साडेपाचशेची जगली पण अंगाने भरली नाहीत. सातशेची तेवढी ताठ उभी राहिली. त्याच्या गच्चीला, त्याच्या नळाच्या पाण्याला आणि त्या लेट्यूसला सातशे. कंपाउंडरने वहीत सातशेभोवती चौकट काढली आणि बायकोला दोनदा बोलावून दाखवली. मग बादल्यांच्या जागी त्याने पाइप आणि टाकी बसवली.

साडू आला, त्याने बघितलं, "वा" म्हणाला, आणि महिन्याभरात त्याच्या गच्चीवरही पाइप लागले.

साडू म्हणजे बसचा निवृत्त ड्रायव्हर. पोट पुढे, हसू पुढे, पाय आरामात मागून. आयुष्यभर एकाच रस्त्यावर बस चालवून त्याला असा विश्वास आला होता की गोष्टी आपोआप ठिकाणावर पोचतात. पहिल्या खेपेला त्याची सगळी झाडं करपली, तेव्हा कंपाउंडरने दुःख व्यक्त केलं आणि घरी येऊन जास्तीची चपाती खाल्ली. पण दुसऱ्या खेपेला साडूची झाडं जी उठली ती उठलीच. एकेक गड्डा डोक्याएवढा. कंपाउंडरची झाडं चांगली होती, निरोगी होती, शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी होती. पण साडूच्या झाडांपुढे ती आजारातून उठल्यासारखी दिसत.

कंपाउंडरला साडूचा हेवा वाटू लागला. हेवा हा शब्दही सौम्यच झाला. त्याची झोप गेली. साडूची भाजी घरात आली की त्याला घास गिळेना. लोक म्हणतात ना, अमका तमक्याला पाण्यात पाहतो. कंपाउंडर तर रोज सकाळी टाकीवर वाकायचा, त्यामुळे त्याची सोयच झाली होती. जो माणूस मीटर असाच कुठेतरी टेबलावर टाकून देतो, ए आणि बी बाटल्यांची झाकणं अदलाबदल करतो, तीन तीन दिवस गच्चीवर फिरकत नाही, त्याची झाडं मोठी? मग आपण पस्तीस वर्षं उकिडवे बसलो ते कशासाठी?

हे सगळं पोटातल्या पोटात राहिलं असतं. पण मग मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

मोठ्या सिस्टर म्हणजे हॉस्पिटलच्या सगळ्या नर्सेसच्या वरच्या. नवीन नर्स म्हणून आल्या तेव्हा कंपाउंडर खिडकीत दहा वर्षं मुरलेला होता. हॉस्पिटलच्या गच्चीवर, पेशंटच्या स्वयंपाकघरासाठी पाण्यावरची भाजी लावायची ठरली होती. सगळं बघायला एक जबाबदार माणूस हवा होता.

"मला तुमचीच आठवण झाली, कंपाउंडर," त्या म्हणाल्या.

त्या वाक्यावर तो आठ दिवस तरंगत होता. परत त्याच इमारतीत जायचं, त्याच जिन्याने चढायचं, सकाळी आठला कुणीतरी वाट बघत असणार. याहून जास्त त्याला आयुष्याकडून काही नको होतं. पण तोंड आवरलं नाही. रविवारी मेहुणीकडे जेवायला गेला असताना त्याने ही बातमी चारदा फिरवून फिरवून सांगितली. साडूने बोटं पुसली.

"हॉस्पिटलची गच्ची? ऊन छान असेल हो तिथं. मीही विचारून बघतो की."

आणि खरंच विचारलं. मोठ्या सिस्टर सरळ बाई. त्यांनी दोघांना एकाच पुडीतलं बी दिलं. बारा बारा झाडं लावा, चाळिसाव्या दिवशी ट्रे घेऊन या, ज्याची झाडं चांगली त्याला काम. कंपाउंडरला हा अपमान वाटला. पण बोलणार कोणाला? हात दाखवून अवलक्षण त्यानेच केलं होतं.

तो कामाला लागला. पाणी सातशेवर. रोज सकाळी एकेक झाड कपासकट उचलायचं, मुळं पांढरी आहेत ना ते उन्हात धरून बघायचं, परत ठेवायचं. संध्याकाळी पुन्हा. एक दिवसाआड टाकी रिकामी करून नवं पाणी. एवढी काळजी त्याने पोटच्या पोरांची घेतली नव्हती, असं त्याची बायको म्हणाली, आणि त्यात कौतुक किती होतं ते त्याला कळलं नाही.

विसाव्या दिवशी कंपाउंडर आणि त्याची बायको मेहुणीकडे गेले. कंपाउंडर चहा अर्धा टाकून गच्चीवर गेला. साडूची बारा झाडं एकमेकांना खेटून उभी होती. मधून बोट जाईना. मागून साडू वर आला.

"पाण्यात किती ठेवता हो?" कंपाउंडरने सहज विचारल्यासारखं विचारलं.

साडूची नजर जराशी हलली. "असंच आपलं. अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे?"

"अंदाजाने म्हणजे अंदाजाने. चला, चहा गार होतोय तुमचा."

साडू काहीतरी लपवतोय हे कंपाउंडरला तिथेच कळलं. हसऱ्या माणसाने विषय बदलला की समजायचं, तिथे काहीतरी पुरलेलं आहे. त्या रात्री त्याने ठरवलं की साडूचा आकडा काढायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तो इतरांना ऐकवत आला होता. आता स्वतः वाकायची पाळी आली.

संधी चालून आली. मेहुणी आणि साडू दोन दिवसांसाठी मुलीकडे गेले आणि घराची किल्ली थोरल्या बहिणीकडे, म्हणजे कंपाउंडरच्या बायकोकडे, ठेवून गेले. दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर कंपाउंडरने खुंटीवरची किल्ली काढली. दोन गल्ल्या ओलांडून जाताना ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो लांबच्या रस्त्याने गेला. स्वतःचा मीटर खिशात घेऊन जावं हे त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्याला मापायचं नव्हतं. साडूने काय मापलंय ते बघायचं होतं. टाकीचं निळं झाकण त्याने उचललं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला साडूच्या बसक्या अक्षरात मार्करने लिहिलं होतं: ९८०.

नऊशेऐंशी. कंपाउंडर झाकण हातात धरून उन्हात उभा राहिला. त्याला आनंद झाला, तो चांगल्यापैकी घाणेरडा आनंद होता. म्हणून गड्डे डोक्याएवढे होय! आपण सातशेवर कुढत बसलो आणि हा बाबा बिनदिक्कत नऊशेऐंशी पाजतोय. आपल्या चौथ्या बादलीत साडेआठशेला टोकं करपली होती हेही त्याला आठवलं. पण समोर बारा झाडं साक्षीला उभी होती, आणि हेव्याने आंधळा झालेला माणूस स्वतःच्या वहीपेक्षा दुसऱ्याच्या झाकणावर जास्त विश्वास ठेवतो.

त्याच संध्याकाळी त्याने ए बाटली घेतली, ढवळलं, मग बी घेतली. मीटर आठशेवरून नऊशेवर गेला, नऊशे साठवर गेला. कंपाउंडर उकिडवा बसून थेंब थेंब घालत बरोबर नऊशेऐंशीवर थांबला. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी पानं गडद हिरवी झाली, तेव्हा त्याने हात चोळले. आठव्या दिवशी सगळ्यात कोवळ्या पानाच्या टोकाला मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसला. त्याने तो नखाने खुडून टाकला. दहाव्या दिवशी बाराही झाडांच्या आतल्या पानांना कागदाला आच लागावी तशी कड आली. त्याने घाईघाईने साधं पाणी ओतलं, सातशेवर आणलं, टाकीशेजारी बसून राहिला. पण करपलेलं पान परत हिरवं होत नाही. सदतिसाव्या दिवशी त्याच्याकडे बारा चांगली झाडं होती आणि प्रत्येकाच्या पोटात तपकिरी झालर होती.

आता कुणाला वाटेल की माणूस स्वतःला दोष देईल. छे. कंपाउंडरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: साडूने सापळा लावला होता. आपण येणार हे त्याला माहीत होतं. म्हणून तर किल्ली ठेवली, म्हणून खोटा आकडा झाकणावर लिहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

तो तडक साडूच्या घरी गेला. साडू गच्चीवर खुर्ची टाकून पायाला तेल लावत बसला होता.

"खोटा आकडा लिहिलात ना?" कंपाउंडर दारातूनच म्हणाला. "मला बुडवायला?"

"कुठला आकडा?"

"झाकणावरचा. नऊशेऐंशी."

साडूचा तेलाचा हात तसाच राहिला. "तो तुम्ही कधी बघितलात?"

कंपाउंडरचे कान तापले. रागाच्या भरात येताना, हे सांगितल्याशिवाय भांडता येणार नाही, याचा हिशेबच त्याने केला नव्हता. पण आता माघार घेणं म्हणजे आणखी खाली जाणं.

"बघितला. तुम्ही गावाला होतात तेव्हा आलो होतो. बोला पुढे."

साडू उठला, टाकीतलं पाणी एका ग्लासात घेतलं, कठड्यावर ठेवलं, आणि आपला लाल मीटर त्यात सोडला. आकडे नाचले आणि थांबले. ९८०.

"खोटं कुठाय? तुमचा आणलाय?"

या वेळी खिशात होता. कंपाउंडरने आपला पिवळा मीटर त्याच ग्लासात सोडला. दोन मीटर एका ग्लासात शेजारी शेजारी उभे राहिले. पिवळ्याने सातशे दाखवले.

कंपाउंडरने मीटर काढला, पुसला, परत घातला. सातशे. साडूचा काढून आपला नुसता ठेवला. सातशे. मग त्याने लाल मीटर हातात घेऊन उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, आणि पाठीवरचा बारीक छाप वाचला. प्रत्येक मीटर खरं म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच बघतो आणि मग त्याला एका ठरावीक आकड्याने गुणतो. साडूच्या मीटरवर हा गुणायचा आकडा लिहिला होता सातशे. कंपाउंडरच्या मीटरवर लिहिलं होतं पाचशे. एका कंपनीने गुणायला एक आकडा घेतला, दुसरीने दुसरा. ग्लासातलं पाणी एकच. एकाने ते किलोमीटरमध्ये सांगितलं, दुसऱ्याने मैलांत, आणि कंपाउंडरने साडूचे किलोमीटर घेऊन तेवढे मैल चालून दाखवले होते.

कशाचे नऊशेऐंशी, हे त्याने विचारलं नव्हतं. बड्या डॉक्टरला तीन मजले उतरायला लावणाऱ्या माणसाने विचारलं नव्हतं. तो कठड्याला टेकला.

"म्हणजे तुम्ही सातशेच ठेवता," तो म्हणाला. "माझ्याएवढंच."

साडूने पायाला लावायच्या तेलाची बाटली बंद केली. उगाच दोनदा पिरगाळून बंद केली.

"तुमच्याएवढंच नाही, साडूभाऊ. तुमचंच आहे ते."

"म्हणजे?"

"पहिल्या खेपेला माझं सगळं जळून गेलं होतं ना. त्यानंतर तुम्ही दोघं लग्नाला गेला होतात. किल्ली आमच्याकडे होती. मी गेलो, तुमच्या टाकीत हा मीटर बुडवला, नऊशेऐंशी आलं, ते झाकणावर लिहून ठेवलं. त्याला मी परत हात लावला नाही."

"मला विचारायचं होतं."

"तुम्ही सांगितलं असतंत," साडू म्हणाला. "पण तासभर सांगितलं असतंत."

कंपाउंडरला बसावंसं वाटलं आणि तो साडूच्या खुर्चीत बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. त्याने वळसा घालून, कुलूप उघडून, स्वतःचाच कळसा चोरून आणला होता आणि आणताना फोडला होता.

"मग तुमची झाडं एवढी मोठी का?" त्याने विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना.

"मला काय माहीत? मी तर काहीच करत नाही." साडूने जरा विचार केला. "तुम्ही रोज उचलून मुळं बघता, असं हिची बहीण सांगत होती. कुणाला दिवसातून दोनदा अंथरुणातून उठवून तळपाय बघितले तर तो अंगाला लागेल का?"

साडूने झाडं अर्धी अर्धी वाटून घेऊ म्हटलं. कंपाउंडर नको म्हणाला. तो नको म्हणाला त्यात स्वाभिमान थोडा होता; बाकीचा जळफळाट होता.

चाळिसाव्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी दोन्ही ट्रे आपल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. यात बघण्यासारखं फार नव्हतं. त्यांनी कंपाउंडरच्या झाडाची पानं दोन बोटांनी बाजूला केली, आतली तपकिरी कड बघितली आणि पानं हलकेच परत मिटवली. पेशंटची जखम झाकावी तशी. मग साडूकडे वळल्या.

"छान आली आहेत. पाण्यात किती ठेवता?"

"ते साडूभाऊंना विचारा," साडू म्हणाला. "आकडा त्यांचा आहे. मी नुसता त्यांच्या मागून गेलो."

सिस्टरांनी करपलेल्या ट्रेकडे बघितलं आणि मग त्या साडूकडे बघून हसल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे सरळ दिसत होतं. "तुमचं मन फार मोठं आहे हो," त्या म्हणाल्या.

झाडं मोठी ती साडूची. काम जाणार ते साडूकडे. आता मनही मोठं म्हणे साडूचंच! बाकी सगळं कंपाउंडरने गिळलं होतं, पण हे त्याच्या घशाखाली उतरेना. कंपाउंडर खरं बोलला ते काही सज्जनपणाने नाही. साडू चांगुलपणातही पुढे जातोय हे त्याला सहन झालं नाही, म्हणून बोलला.

"ते खरं सांगतायत, सिस्टर." आणि त्याने सगळं सांगितलं. बादल्या, सातशे, किल्ली, झाकण, दोन मीटर.

"आधी मीच त्यांचा चोरला होता," साडू मधे म्हणाला.

"तुम्ही थांबा हो," कंपाउंडर म्हणाला. निदान कबुलीत तरी त्याला भागीदार नको होता.

सिस्टरांनी करपलेला ट्रे स्वतःकडे ओढला. बाहेरून चाकाची खुर्ची खडखडत गेली.

"म्हणजे तुमचं पाणी बरोबर होतं."

"हो."

"आणि ते तुम्हाला माहीत होतं."

"दीड महिना बघून काढलं होतं."

"मग त्यांच्या टाकीत बघायला गेलात कशाला?"

पंचवीस वर्षांत मोठ्या सिस्टरांनी काही विचारलं आणि कंपाउंडरकडे उत्तर नाही, असं झालं नव्हतं. आजही उत्तर होतं.

"त्यांची झाडं माझ्यापेक्षा मोठी होती."

सिस्टरांनी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वर पेशंटसाठी भाजी लावायची आहे, कंपाउंडर. कुणाची ना कुणाची झाडं आपल्यापेक्षा मोठी असतातच. उद्या आणखी कुणाची दिसली, की तुम्ही आमचं पाणी बदलाल." मग त्या साडूला म्हणाल्या, "तुम्ही सोमवारपासून या. आठ वाजता."

दोघं जिना उतरले. कंपाउंडरच्या हातात ट्रे होता. साडूचा वरच राहिला होता. तळमजल्यावर त्याची खिडकी लागली. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

फाटकाशी साडू थांबला. "साडूभाऊ, ती ए आणि बी. आधी कुठली घालायची ते मला अजूनही पाठ नाही. इथं चारशे झाडं लावायची आहेत. तुम्ही येत जा ना. सिस्टरांना मी सांगतो, मदतीला माणूस आहे म्हणून."

मदतीला माणूस. कंपाउंडरने ते शब्द तोंडात फिरवून बघितले, आणि ते कडू होते. त्याच इमारतीत, त्याच जिन्याने, पण साडूच्या हाताखाली. नाही म्हणायचं त्याने घरी पोचेपर्यंत ठरवलं. रात्री बायकोलाही तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिने त्याचा सदरा इस्त्रीला काढून ठेवला.

सोमवारी आठची वेळ होती. कंपाउंडर खिशात मीटर घालून पावणेआठलाच पोचला. निदान पहिल्या दिवशी तरी आपण आधी असायला हवं, एवढंच त्याच्या मनात होतं. साडू साडेसातपासून बाकावर बसला होता.